आयबीएम आयवरचे पर्सिस्टंट सीजीआय प्रोग्रॅम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयबीएम आयच्या एचटीटीपी सर्व्हरवर आरपीजी, कोबोल किंवा सीमध्ये लिहिलेले सीजीआय प्रोग्रॅम (ब्राउझरची मागणी आली की सर्व्हर जे चालवतो आणि जे वेबपान तयार करून देतात ते) ज्यांना सांभाळावे लागतात, त्यांच्यासाठी हे पान आहे. यातले बरेचसे प्रोग्रॅम लिहिणारे लोक आता निवृत्त झालेत आणि प्रोग्रॅम मात्र रोज चालतायत. पुन्हा पुन्हा ज्या शंका येतात त्या इथे घेतल्या आहेत. आज्ञा, हेडर आणि निर्देशांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत.

एएस/४००, आयसिरीज, आयबीएम आय ही वेगवेगळी मशीनं आहेत का?

नाही, घराणं एकच. एएस/४०० जून १९८८ मध्ये आलं. २००० मध्ये त्याचं नाव आयसिरीज झालं, २००६ मध्ये सिस्टिम आय. २००८ पासून हार्डवेअरला पॉवर सिस्टिम्स म्हणतात आणि ऑपरेटिंग सिस्टिमला आयबीएम आय. इथे जे लिहिलंय ते अपाचेवर आधारलेल्या एचटीटीपी सर्व्हरबद्दल आहे. ५७७०-डीजी१ हा परवानाबद्ध प्रॉडक्ट मशीनवर असेल तर तो सर्व्हर तुमच्याकडे आहे.

पर्सिस्टंट सीजीआय म्हणजे नक्की काय?

साध्या सीजीआयमध्ये ब्राउझरकडून मागणी येते, सर्व्हर ती एखाद्या मोकळ्या सीजीआय जॉबकडे (जॉब म्हणजे मशीनवर स्वतंत्रपणे चालणारी एक प्रोसेस) देतो, जॉब प्रोग्रॅम चालवून पान परत पाठवतो आणि पुढच्या मागणीसाठी मोकळा होतो. त्याच माणसाची पुढची मागणी भलत्याच जॉबकडे जाऊ शकते.

पर्सिस्टंट सीजीआयमध्ये तो जॉब मोकळा होत नाही, त्या एकाच माणसासाठी राखून ठेवला जातो. त्याने दुसरं पान मागितलं की मागणी त्याच जॉबकडे येते. तिथे प्रोग्रॅमची चलं जशीच्या तशी असतात, फायली उघड्या असतात, एसक्यूएलचा कर्सर (निकालातल्या ओळी एकेक करून वाचणारा दर्शक) आधीच्या जागी असतो. पाच पानांचा ऑर्डरचा फॉर्म भरताना पहिल्या पानावरची माहिती पाचव्या पानापर्यंत मेमरीतच राहते, कुठेही साठवावी लागत नाही.

सोय मोठी आहे. पण मागणी करणारा माणूस जेवायला गेला तरी त्याचा जॉब, त्याची मेमरी आणि त्याने रेकॉर्डवर धरलेली कुलपं (इतरांना ते रेकॉर्ड बदलू न देणारे लॉक) मशीनवर तशीच राहतात. पुढच्या बहुतेक प्रश्नांचं मूळ या एका गोष्टीत आहे.

म्हणजे माझा प्रोग्रॅम दोन पानांच्या मधे थांबून राहतो का, एक्स्फॉर्मॅटवर थांबतो तसा?

नाही. हिरव्या स्क्रीनवर वाढलेल्या आम्हा सगळ्यांचा इथेच गोंधळ होतो. ५२५० च्या, म्हणजे हिरव्या स्क्रीनच्या टर्मिनलच्या, प्रोग्रॅममध्ये एक्स्फॉर्मॅट (स्क्रीन दाखवून उत्तर वाचणारी आरपीजीची आज्ञा) लिहिलं की प्रोग्रॅम त्या ओळीवर थांबतो, आणि माणसाने एंटर दाबलं की पुढच्या ओळीपासून सुरू होतो. पर्सिस्टंट सीजीआय असा चालत नाही. प्रत्येक मागणीला सर्व्हर तुमचा प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून कॉल करतो आणि प्रत्येक पान पाठवल्यावर प्रोग्रॅमने रिटर्न करायचं असतं. दोन कॉलच्या मधे टिकते ती फक्त मेमरी.

त्यामुळे आपण कितव्या पायरीवर आहोत हे प्रोग्रॅमला स्वतः लक्षात ठेवावं लागतं. एक स्थिर चल (दोन कॉलच्या मधेही किंमत टिकवणारं) ठेवा, त्याला ‘पायरी’ म्हणा. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला त्याची किंमत पाहून योग्य प्रोसीजरकडे वळा. शून्य असेल तर ही पहिलीच भेट. प्रत्येक पायरीची प्रोसीजर आधी मागच्या पानाचा डेटा वाचते आणि तपासते, मग पुढचं पान लिहिते, मग पायरी बदलते. मोठा ५२५० प्रोग्रॅम वेबवर आणताना सगळ्यात जास्त मेहनत याच फेरमांडणीत जाते, आणि अंदाजपत्रकात तीच धरायची राहून जाते. आधी कागदावर पानांची साखळी काढा आणि मगच कोडला हात लावा.

हा जॉब राखून ठेव हे सर्व्हरला कसं सांगायचं?

पान पाठवताना दोन हेडर (पानाच्या आधी जाणाऱ्या, सर्व्हरसाठीच्या सूचनेच्या ओळी) लिहायचे असतात.

पहिला ॲक्सेप्ट-एचटीसेशन. त्यात तुम्ही तयार केलेलं एकमेव हँडल, म्हणजे त्या माणसासाठी राखलेल्या सेशनची ओळखखूण, द्यायचं. पुढच्या पानावरच्या लिंक आणि फॉर्मच्या पत्त्यात प्रोग्रॅमच्या नावामागोमाग हेच हँडल घालायचं. मागणी आली की सर्व्हर पत्त्यातलं हँडल ओळखतो आणि तिला राखून ठेवलेल्या जॉबकडे पाठवतो.

दुसरा एचटीटाइमआउट, म्हणजे पुढच्या मागणीची वाट किती मिनिटं पाहायची. हा दिला नाही तर सर्व्हरच्या सेटिंगमधली मुदत लागू होते.

ॲक्सेप्ट-एचटीसेशन प्रत्येक उत्तरात पाठवावा लागतो. ज्या उत्तरात तो नसेल तिथे सेशन संपलं असं सर्व्हर समजतो. काम पूर्ण झाल्यावर सेशन बंद करण्याची रीतही हीच: शेवटच्या पानावर तो हेडर लिहू नका. मात्र चुकांच्या पानाकडे लक्ष द्या. तपासणीत चूक सापडल्यावर पान लिहिणारी एक वेगळीच प्रोसीजर असते, तिच्यात हेडर राहून जातो, आणि मग ‘चूक दुरुस्त केली की सगळं पहिल्यापासून सुरू होतं’ अशी तक्रार येते.

ॲक्टिव्हेशन ग्रुप कोणता ठेवायचा?

नाव दिलेला. ॲक्टिव्हेशन ग्रुप म्हणजे जॉबमधला तो कप्पा, ज्यात प्रोग्रॅमची चलं आणि उघड्या फायली राहतात. ‘स्टार न्यू’ ठेवलात तर प्रोग्रॅम परत फिरताच ग्रुप मोडतो, त्याच्याबरोबर स्थिर चलं आणि उघड्या फायलीही जातात. जॉब राखलेला राहतो, पण त्यात लक्षात ठेवलेलं काहीच उरत नाही.

आरपीजीमध्ये परत फिरताना एलआर (लास्ट रेकॉर्ड) इंडिकेटर, म्हणजे प्रोग्रॅमचं काम पूर्ण संपलं असं सांगणारी खूण, बंद ठेवा. तो चालू असेल तर पुढच्या कॉलला चलं नव्याने सुरू होतात आणि फायली बंद झालेल्या असतात. सीमध्ये एक्झिट फंक्शन टाळून रिटर्न वापरा, कारण एक्झिटमुळे ॲक्टिव्हेशन ग्रुपच संपू शकतो. एसक्यूएल असेल तर कंपाइल करताना कर्सर बंद होण्याचा पर्याय ‘एंड ॲक्ट ग्रुप’ आहे ना, ते पाहा. ‘एंड मॉड’ असेल तर मॉड्यूलमधून बाहेर पडताच कर्सर बंद होतो, आणि पुढचं पान मागितल्यावर ‘कर्सर उघडा नाही’ अशी चूक येते.

आमचा प्रोग्रॅम पर्सिस्टंट नाही, तरी एका माणसाची माहिती दुसऱ्याला दिसली. हे कसं झालं?

हा प्रश्न गांभीर्याने घ्या आणि तो प्रोग्रॅम आजच तपासा. साध्या सीजीआयमध्ये प्रोग्रॅम संपला तरी जॉब संपत नाही, तो पुढच्या मागणीसाठी पुन्हा वापरला जातो. नाव दिलेला ॲक्टिव्हेशन ग्रुप आणि बंद एलआर असेल तर चलं इथेही टिकतात. फरक इतकाच की पुढची मागणी कोणाचीही असू शकते. पहिल्याच्या ग्राहक क्रमांकाचं चल साफ केलेलं नसतं, दुसऱ्याच्या फॉर्ममध्ये तो रकाना रिकामा येतो, आणि पान पहिल्याचा क्रमांक धरून छापलं जातं.

उपाय साधा आहे. साध्या सीजीआय प्रोग्रॅमची पहिली ओळ म्हणजे सगळी मागणीशी संबंधित चलं साफ करणारी प्रोसीजर. फायली उघड्या ठेवा, त्यामुळे वेग मिळतो, पण माणसाची माहिती ठेवू नका. चाचणी करताना एकटा माणूस एकाच ब्राउझरवरून पाहतो, त्यामुळे ही चूक चाचणीत सापडत नाही. दोन वेगळ्या वापरकर्त्यांनी आळीपाळीने मागण्या पाठवून बघा, आणि त्या वेळी सर्व्हरला एकच सीजीआय जॉब ठेवायला सांगा.

मुदत किती ठेवावी?

पर्सिस्टंट-सीजीआय-टाइमआउट हा निर्देश (सर्व्हरच्या सेटिंगमधली एक ओळ) सर्वसाधारण मुदत ठरवतो. मुळात, म्हणजे कोणी बदलली नसेल तर, ती ३०० सेकंद असते. मॅक्स-पर्सिस्टंट-सीजीआय-टाइमआउट ही कमाल मर्यादा, मुळात १८०० सेकंद. प्रोग्रॅमने एचटीटाइमआउटमध्ये काहीही मागितलं तरी सर्व्हर या मर्यादेपलीकडे थांबत नाही.

इथे एकक नीट पाहा. सर्व्हरचे निर्देश सेकंदांत आहेत आणि प्रोग्रॅमचा हेडर मिनिटांत. पाच मिनिटं हवीत म्हणून हेडरमध्ये ३०० लिहिलेले प्रोग्रॅम मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहेत. ते पाच तास होतात. कमाल मर्यादा अर्ध्या तासाची असेपर्यंत ही चूक झाकलेली राहते. पुढे कोणीतरी दुसऱ्याच एका प्रोग्रॅमसाठी ती मर्यादा वाढवतं, आणि दुपारपर्यंत जॉब साचायला लागतात.

माझा अनुभव असा की माणूस पान वाचायला किंवा भरायला जेवढा वेळ घेतो त्याच्या दुप्पट मुदत पुरेशी होते. पत्ता भरायच्या पानाला पाच मिनिटं, पन्नास ओळींच्या ऑर्डरीला पंधरा. हेडर दर पानाला वेगळी किंमत देऊ देतो, त्याचा उपयोग करा.

एकाच वेळी किती सेशन चालू शकतात?

मॅक्स-पर्सिस्टंट-सीजीआय हा निर्देश ते ठरवतो, मुळात ४०. हा आकडा पुरेल का, याचा हिशेब तोंडी करता येतो. मिनिटाला सरासरी ६ नवी सेशन सुरू होतात आणि एकेक काम ४ मिनिटं चालतं असं धरा. प्रत्येक सेशन शेवटच्या पानावर व्यवस्थित बंद होत असेल तर एका वेळी साधारण ६ गुणिले ४, म्हणजे २४ जॉब अडकलेले असतील. ते ४० मध्ये आरामात बसतात. आता तोच प्रोग्रॅम शेवटच्या पानावरही हेडर पाठवतोय असं समजा. मग प्रत्येक जॉब काम संपल्यावर आणखी ५ मिनिटं रिकामा बसतो. ६ गुणिले ९, म्हणजे ५४. माणसं तेवढीच, काम तेवढंच, पण नव्या लोकांना जागा मिळत नाही.

म्हणून कोणी ‘४० पुरत नाहीत, १०० करू या’ असं म्हटलं की मी आधी शेवटच्या पानाचं कोड मागतो. आकडा वाढवायला हरकत नाही, पण प्रत्येक सेशन म्हणजे एक पूर्ण जॉब आहे. त्याला स्वतःची तात्पुरती स्टोरेज लागते, स्वतःच्या उघड्या फायली असतात.

वापरकर्ता ब्राउझर बंद करून निघून गेला तर?

सर्व्हरला ते कळत नाही. मुदत संपेपर्यंत जॉब वाट पाहतो, मग सर्व्हर तो संपवतो. जॉब संपताना कमिटमेंट कंट्रोलखालचे (बदल एकगठ्ठा पक्के किंवा रद्द करणाऱ्या डेटाबेसच्या सोयीखालचे) अर्धवट बदल रोलबॅक होतात, म्हणजे मागे घेतले जातात. कमिटमेंट कंट्रोल नसेल तर जे लिहिलं गेलं ते लिहिलं गेलं. पाच पानांच्या फॉर्ममध्ये तिसऱ्या पानापासूनच टेबलात ओळी घालायला सुरुवात करणारे प्रोग्रॅम असे अर्धे रेकॉर्ड मागे सोडतात. सगळं लिखाण शेवटच्या पायरीत, एकत्र करा. आणि प्रत्येक पानावर ‘रद्द करा’ हे बटण ठळक द्या. ते दाबल्यावर प्रोग्रॅम कुलपं सोडेल आणि हेडर न लिहिता निरोपाचं पान देईल.

मागे जाण्याचं बटण आणि दोन टॅब यांचं काय करायचं?

माणूस चौथ्या पायरीवरून मागे जाऊन दुसरं पान पुन्हा भरतो. ब्राउझरमध्ये दुसरं पान आहे, जॉबच्या मेमरीत मात्र पायरी चारच आहे. प्रोग्रॅमने येणाऱ्या डेटाला चौथ्या पानाचा डेटा समजलं की गोंधळ झाला.

प्रत्येक पानात पायरीचा क्रमांक लपवलेल्या रकान्यात ठेवा आणि प्रोग्रॅममधल्या पायरीशी तो ताडून पाहा. जुळला नाही तर दोन मार्ग आहेत. जिथे मागे जाणं निरुपद्रवी आहे तिथे पायरी मागे घ्या आणि तिथून पुढे चला. जिथे ते धोक्याचं आहे, उदाहरणार्थ पैसे भरल्यानंतर, तिथे सध्याची स्थिती दाखवणारं पान द्या. दोनदा दाबलेलं बटणही यातच पकडलं जातं, कारण दुसरी मागणी येईपर्यंत पायरी पुढे गेलेली असते. दुसऱ्या टॅबमध्ये तोच पत्ता उघडला तर हँडल तेच असतं, त्यामुळे तीच तपासणी तिथेही कामी येते.

रेकॉर्ड अडकतात. दोष कुठे शोधायचा?

एका ठिकाणी साठ्याच्या नोंदी रोज दुपारी अडकायच्या. रात्रीचा बॅच कधीच अडकत नव्हता, म्हणून सगळ्यांचा संशय नेटवर्कवर होता. मी जॉबलॉग (जॉबच्या संदेशांची नोंद) वाचला तेव्हा सीपीएफ ५०२७ हा संदेश सापडला, ‘रेकॉर्ड दुसऱ्या जॉबकडे आहे’. तो दुसरा जॉब होता एचटीटीपी सर्व्हरचा. साठा दुरुस्त करणारं पान वस्तूचं रेकॉर्ड बदलासाठी वाचायचं आणि पान पाठवून परत फिरायचं. एलआर बंद, फाइल उघडी, कुलूप तसंच. माणूस पान उघडं ठेवून जेवायला जायचा आणि मुदत होती ३० मिनिटं. गोदामातल्या बाकीच्या सगळ्यांना ती वस्तू तोवर मिळायची नाही. मुळात ६० सेकंद वाट पाहून त्यांचे प्रोग्रॅम स्टेटस १२१८ (रेकॉर्डला आधीच कुलूप आहे) देऊन थांबायचे.

५२५० मध्येही ही सवय वाईटच होती, पण तिथे निदान माणूस टर्मिनलसमोर असायचा. पर्सिस्टंट सीजीआयमध्ये पान पाठवताना कोणतंही कुलूप हातात असता कामा नये, हा नियम मी अपवाद न करता पाळतो. रेकॉर्ड चेनला (किल्लीने रेकॉर्ड वाचणारी आरपीजीची आज्ञा) ‘एन’ लावून कुलपाशिवाय वाचा आणि त्याच्या शेवटच्या बदलाची वेळ मेमरीत ठेवा. जतन करायच्या क्षणी कुलूप लावून पुन्हा वाचा आणि वेळ तीच आहे का पाहा. बदललेली असेल तर माणसाला सांगा की मधल्या काळात दुसऱ्याने बदल केलाय, आणि नवी किंमत दाखवा. कमिटमेंट कंट्रोलचा व्यवहारही पानापलीकडे उघडा ठेवू नका, मेमरी टिकते म्हणून तसं करता येत असलं तरी.

कुलूप कोणाकडे आहे हे डिस्प्ले-रेकॉर्ड-लॉक आज्ञेने दिसतं. एसक्यूएलची सवय असेल तर क्यूसिस-२ मधला रेकॉर्ड-लॉक-इन्फो हा व्ह्यू जास्त सोयीचा.

कोणता जॉब काय करतोय हे कसं पाहायचं?

वर्क-ॲक्ट-जॉब, सबसिस्टिम क्यूएचटीटीपीएसव्हीआर. जॉबचं नाव म्हणजे सर्व्हर इन्स्टन्सचं नाव, त्यामुळे एकाच नावाचे पुष्कळ जॉब दिसतील. फंक्शनच्या रकान्यात क्यूझेडएसआरसीजीआय दिसतं ते सीजीआयचे जॉब. त्यातल्या एकासमोर ५ टाकून वर्क-जॉबमध्ये जा: १० ला जॉबलॉग, १२ ला कुलपं, १४ ला उघड्या फायली, १८ ला ॲक्टिव्हेशन ग्रुप. सीपीयू शून्य, पण १४ वर दहा फायली उघड्या आणि १८ वर तुमचा ग्रुप, असं दिसलं तर तो बहुधा कोणासाठी तरी वाट पाहणारा जॉब आहे.

जॉबलॉगमध्ये वापरकर्त्याचं नाव आपोआप येत नाही. सेशन सुरू होताना प्रोग्रॅमने स्वतः एक संदेश लॉगमध्ये लिहावा: कोणासाठी, किती वाजता. अडचणीच्या दिवशी या एका ओळीने तासभर वाचतो.

जॉब संपवायचाच असेल तर एंड-जॉब ‘कंट्रोल्ड’ वापरा, नाही संपला तर ‘इमिजिएट’. एंड-जॉब-ॲबनॉर्मलला हात लावू नका.

नवी आवृत्ती टाकली तरी जुनंच पान का दिसतं?

प्रोग्रॅम पुन्हा तयार केला की जुना ऑब्जेक्ट क्यूआरपीएल-ओबीजे या लायब्ररीत सरकतो. ज्या जॉबांनी तो आधीच सक्रिय केलाय ते तोच वापरत राहतात. राखलेली सेशन आणि पुन्हा वापरले जाणारे साधे सीजीआय जॉब, दोन्हींना हे लागू आहे. काहींना नवं पान दिसतं, काहींना जुनं. सर्व्हर इन्स्टन्स बंद करून सुरू केला की हे मिटतं, पण सगळी चालू सेशनही जातात. म्हणून बदलाची वेळ आधी कळवा, आणि त्याआधी मुदतीइतका वेळ नवी सेशन सुरू होऊ देऊ नका.

सीजीआय-रीसायकल-पर्सिस्ट चालू करावं का?

मुळात ते बंद असतं: सेशन संपलं की सर्व्हर तो जॉब संपवतो. चालू केलं तर तोच जॉब इतर मागण्यांना दिला जातो आणि नवा जॉब सुरू करण्याचा वेळ वाचतो. पण चलं, फायली, ओव्हरराइड, सगळं साफ करून जाण्याची जबाबदारी मग तुमच्या प्रोग्रॅमवर येते. जुन्या प्रोग्रॅमांच्या बाबतीत माझं उत्तर ‘नको’ असं आहे.

हँडल कसं तयार करायचं?

अंदाज बांधता येणार नाही असं. जॉब क्रमांक, वेळ किंवा वाढता क्रमांक वापरला तर पत्त्यातला एक आकडा बदलून दुसऱ्याच्या चालू सेशनमध्ये शिरता येईल, आणि तिथे मेमरीत त्याची सगळी माहिती तयारच असेल. यादृच्छिक बाइट देणारा एपीआय सिस्टिममध्ये आहे, क्यूसी३-जेन-पीआरएन्स. तो वापरा. शिवाय लॉगिन केलेला वापरकर्ता प्रत्येक कॉलला पुन्हा तपासा, पहिल्या कॉलला तपासला म्हणून पुढचे गृहीत धरू नका. हँडल पत्त्यात असल्यामुळे ते ॲक्सेस लॉगमध्ये उतरतं, म्हणून ते लॉग सगळ्यांना वाचायला मोकळे ठेवू नका. सगळा व्यवहार एचटीटीपीएसवरच हवा.

सीजीआय प्रोग्रॅम मुळात क्यूटीएमएचएचटीपी१ या प्रोफाइलखाली चालतात. काहीतरी अडलं म्हणून त्या प्रोफाइलला ‘ऑल ऑब्जेक्ट’ अधिकार दिलेला आढळला तर तो काढा आणि नेमक्या फायलींचे अधिकार द्या.

दोन सर्व्हरवर भार वाटता येतो का?

हँडल ज्या सर्व्हर इन्स्टन्सने नोंदवलं त्यालाच ते माहीत असतं. भार वाटणाऱ्या यंत्रणेने एका माणसाच्या सगळ्या मागण्या एकाच ठिकाणी पाठवल्या तरच जमेल.

आज नवा प्रोग्रॅम लिहायचा तर हीच पद्धत घ्यावी का?

मी घेत नाही. सेशनची माहिती एका टेबलात ठेवायची, किल्ली म्हणून तसंच यादृच्छिक हँडल, ते कुकीमध्ये. प्रोग्रॅम साधा सीजीआय, नाव दिलेल्या ग्रुपमध्ये, फायली उघड्या ठेवणारा. दर मागणीला टेबलातली एक ओळ वाचायची आणि लिहायची. हे मशीन त्याच कामासाठी बनलंय, तो खर्च जाणवतही नाही. बदल्यात सर्व्हर कधीही बंद-चालू करता येतो, जेवायला गेलेला माणूस कोणाला अडवत नाही, आणि २० जॉब पुष्कळ लोकांना पुरतात.

पर्सिस्टंट पद्धत जिथे योग्य वाटते अशी जागा एकच: जुना, मोठा, नीट चाललेला प्रोग्रॅम, ज्याची मेमरीतली स्थिती इतकी गुंतागुंतीची आहे की ती टेबलात उतरवणं म्हणजे तो नव्याने लिहिणं, आणि वापरणारी माणसं मोजकी, कार्यालयातलीच.

जुना पर्सिस्टंट प्रोग्रॅम या पद्धतीकडे न्यायचा तर सुरुवात कुठून?

सगळी स्थिर चलं एकाच डेटा स्ट्रक्चरमध्ये गोळा करा, बाकी काही बदलू नका. तेवढ्यावर प्रोग्रॅम काही आठवडे चालू द्या. राहिलेली चलं या काळात सापडतात. मग प्रोग्रॅमच्या शेवटी ते स्ट्रक्चर टेबलात लिहा आणि सुरुवातीला तिथून वाचा, हेडर मात्र अजून पाठवत राहा. आता मेमरीतली आणि टेबलातली किंमत दर कॉलला ताडून पाहता येते. फरक पडला की लॉगमध्ये लिहा. महिनाअखेरीचं काम धरून एक पूर्ण महिना लॉग रिकामा राहिला की ॲक्सेप्ट-एचटीसेशन लिहिणारी ओळ काढून टाका.